नंबर घातलेली यादी : आकडे स्क्रिप्टने द्यावेत की ब्राउझरवर सोडावेत?

चिंचगुळ
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीची छोटीशी वेबसाइट मी सांभाळते. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते त्यामुळे सध्या विषयपत्रिका, इतिवृत्त, ठराव असं सगळं चढवायची घाई चाललीय. ठरावांची यादी साधी ऑर्डर्ड लिस्ट आहे, म्हणजे एचटीएमएलमधला ओएल (आकड्यांची यादी) आणि त्यात एलआय (तिची एकेक ओळ). सेक्रेटरी काकांच्या मागण्या अशा की आकडे मराठीत दिसावेत, नवा ठराव सगळ्यात वर यावा, यंदाचे नंबर मागच्या वर्षी संपले तिथून पुढे चालावेत, आणि एखादा ठराव रद्द झाला तर बाकीच्यांचे नंबर जागचे हलता कामा नयेत.

माझं मत असं आहे की आकडे आपल्या जावास्क्रिप्टनेच टाकावेत. लिस्ट-स्टाइल नन करायची, म्हणजे ब्राउझरचे आकडे बंद, लूप फिरवायचा आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला नंबर मजकूर म्हणून चिकटवायचा. ताबा पूर्ण आपल्याकडे राहतो, ब्राउझर काय मोजतोय याच्या मागे लागायला नको. तुम्ही लोक कसं करता? कुणी वेगळं करत असेल तर कारणासकट सांगा.

रानवारा
वाचतोय. आमच्या ट्रेकिंग ग्रुपच्या पेजवर सूचनांची यादी आहे, तिथेही हाच घोळ आहे, मध्ये फोटो टाकला की यादी तुटते आणि पुढची परत १ पासून सुरू होते.

कोकणकडा
असहमत. मोजणं हे ब्राउझरचं काम आहे आणि त्याला ते चांगलं येतं, आपण फक्त कुठून मोजायचं ते सांगायचं.

ओएलला स्टार्ट नावाचा ॲट्रिब्यूट (टॅगमध्ये लिहायची सूचना) आहे. स्क्रिप्टमधून त्या यादीच्या डॉट स्टार्टमध्ये ४३ टाकलं की पहिली ओळ ४३, पुढच्या आपोआप ४४, ४५. रानवारा, तुमच्या तुटलेल्या यादीचंही उत्तर हेच, दुसऱ्या तुकड्याला स्टार्ट द्या. एकाच ओळीचा नंबर बदलायचा असेल तर त्या एलआयला व्हॅल्यू द्यायची, तिच्या खालच्या ओळी तिथून पुढे मोजल्या जातात. आणि तिसरा रिव्हर्स्ड, तो लावला की आकडे उतरत्या क्रमाने येतात.

जुन्या लोकांना स्टार्ट आणि व्हॅल्यू वापरायची भीती वाटते त्याला कारण आहे. १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्ये हे दोन्ही नापसंत यादीत टाकले होते, म्हणजे चालतील पण वापरू नका, नंबर हा दिसण्याचा भाग आहे आणि दिसणं सीएसएसने, म्हणजे सजावटीच्या नियमांनी, बघावं असा तेव्हाचा विचार. एचटीएमएल ५ ने ते परत आणले, २०१४ ला ते पक्कं झालं. मला तो निर्णय मनापासून पटतो, कारण ठरावाचा नंबर ही सजावट नाहीच, तो मजकुराचाच भाग आहे.

पाटीपेन्सिल
कोकणकडा +१. फक्त रिव्हर्स्डबद्दल एक गोष्ट. तो ओळींची जागा बदलत नाही हो, फक्त आकडे उलटे करतो. पहिली ओळ पहिलीच राहते, तिच्यासमोर मोठा आकडा येतो. नवा ठराव वर हवा असेल तर ओळी खरोखर उलट्या लावाव्या लागतील. आणि स्टार्ट दिलं नाही तर ब्राउझर यादीत जेवढ्या ओळी आहेत तिथून खाली मोजतो. पानावर शेवटचे १० ठरावच दाखवत असाल तर मोजणी १० पासून सुरू होईल, मग खरा नंबर ५२ का असेना.

चिंचगुळ
हे माहीत नव्हतं, धन्यवाद. पण उलट्या लावायच्या म्हणजे सगळं पुसून परत लिहायचं ना? तेच करायचं असेल तर लिहितानाच नंबर टाकला तर काय बिघडलं?

पाटीपेन्सिल
पुसायची गरजच नाही. यादीची मुलं म्हणजे डॉट चिल्ड्रन घ्या, ॲरे डॉट फ्रॉमने त्याची ॲरे (स्क्रिप्टमधली साधी यादी) करा, रिव्हर्स करा आणि एकेक परत त्याच यादीला ॲपेंड करा. जी ओळ आधीच पानावर आहे ती ॲपेंड केली की तिची दुसरी प्रत होत नाही, ती जुन्या जागेवरून उठून नव्या जागी जाते. ओळीवरचे बटण, त्यावर लावलेले क्लिक हॅंडलर (दाबल्यावर चालणारा कोड) सगळं तसंच राहतं. याउलट इनरएचटीएमएलमध्ये, म्हणजे यादीच्या आतल्या एचटीएमएल मजकुरात, += करून मजकूर चिकटवत गेलात तर दर वेळी आख्खी यादी मोडून नव्याने बांधली जाते आणि हॅंडलर गळून पडतात.

ॲरे आधी करून घ्या हे महत्त्वाचं आहे कारण चिल्ड्रन ही जिवंत यादी असते. लूप चालू असताना ओळ काढली की मागच्या लगेच पुढे सरकतात आणि मधली एक तपासायची राहून जाते. क्वेरीसिलेक्टरऑलने (पानातले जुळणारे टॅग शोधून देणारी आज्ञा) घेतलेली यादी तशी हलत नाही, पण तिने नुसतं एलआय मागितलं तर आतल्या पोटयादीतले एलआयसुद्धा येतात, मग ठराव ५ चे उपमुद्दे स्वतंत्र ठराव म्हणून मोजले जातात. म्हणून मी थेट मुलंच घेते.

हत्तीअंकुश
एवढी स्क्रिप्ट कशाला? ओएलला डिस्प्ले फ्लेक्स करा आणि दिशा कॉलम-रिव्हर्स, म्हणजे ओळी खालून वर रचल्या जातील. ओळी मूळ क्रमाने राहतात, नंबर मूळ क्रमाने पडतात आणि दिसताना नवी ओळ वर. दोन ओळींचं सीएसएस, संपला विषय.

निरांजन
हत्तीअंकुश, दिसायला होईल पण वाचायला नाही. मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांना संगणक शिकवते म्हणून सांगते. स्क्रीन रीडर, म्हणजे पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, पानाच्या मूळ क्रमाने वाचतो, कीबोर्डवर टॅब दाबत गेलात तरी मूळ क्रमानेच. डोळ्यांना सगळ्यात वर दिसणारा नवा ठराव ऐकणाऱ्याला सगळ्यात शेवटी ऐकू येणार. ज्या दोन जणांनी एकाच पानाबद्दल फोनवर बोलायचं आहे त्यांच्यात याने गोंधळ होतो, "पहिला ठराव" म्हणजे कुठला इथूनच सुरुवात.

आणि चिंचगुळ, तुमच्या मूळ पद्धतीलाही माझा आक्षेप आहे. खरी यादी असली की स्क्रीन रीडर आधी सांगतो की ही यादी आहे आणि तिच्यात इतक्या ओळी आहेत. ऐकणारा त्यावरून ठरवतो की ऐकायची की पुढे जायचं. लिस्ट-स्टाइल नन केलं की ॲपलच्या सफारीमध्ये व्हॉइसओव्हर (ॲपलचा स्क्रीन रीडर) बऱ्याचदा तिला यादी मानतच नाही. नंबर काढायचाच असेल तर ओएलला रोल = लिस्ट असं लिहून ठेवा, मग ती परत यादी होते. आणि नन करायला विसरलात पण मजकुरात नंबर टाकलात तर प्रत्येक ओळ "एक, एक", "दोन, दोन" अशी ऐकू येते. हे मी रोज ऐकते म्हणून एवढं लिहिलं.

हत्तीअंकुश
निरांजन, मुद्दा मान्य. कॉलम-रिव्हर्स मागे घेतो.

अनुमोदक
अवांतर : आमच्या सोसायटीत पार्किंगचा ठराव दर वर्षी नव्या नंबरने येतो, त्याला रिव्हर्स्ड, स्टार्ट, व्हॅल्यू काहीच लागू पडत नाही. ह.घ्या. (हलके घ्या)

घड्याळकाका
अनुमोदक, नाव शोभतंय. आमच्याकडे पार्किंगला सूचक पंधरा मिळतात, अनुमोदक एकही नाही.

काळाकोट
मी वकिली करतो, प्रोग्रॅमिंग येत नाही, पण या धाग्यात खरा प्रश्न बाजूला पडतोय असं वाटलं म्हणून लिहितो. आकडा दोन प्रकारचा असतो. रांगेत उभं असताना तुमचा नंबर बदलतो, पुढचा गेला की तुम्ही एक घर पुढे. गाडीचा नंबर मात्र बदलत नाही, शेजारची गाडी भंगारात गेली म्हणून तुमची पाटी कुणी बदलत नाही. विषयपत्रिकेतला नंबर पहिल्या प्रकारचा, ठरावाचा नंबर दुसऱ्या प्रकारचा.

राज्यघटना बघा. मालमत्तेच्या हक्काचा अनुच्छेद ३१ हा १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने वगळला. म्हणून ३२ चा ३१ झाला का? नाही झाला. ती जागा रिकामी ठेवली, कारण देशभरातल्या निकालांमध्ये ३२ हा ३२ म्हणूनच लिहिला गेलाय. उलट बाजूने, २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने शिक्षणाचा हक्क आणला तेव्हा तो २१ आणि २२ च्या मध्ये २१ अ म्हणून बसवला, २२ ला हात लावला नाही.

तेव्हा रद्द झालेला ठराव यादीतून काढूच नका. नंबर तसाच, मजकूर तसाच, पुढे "रद्द, पाहा ठराव क्र. अमुक" एवढं लिहा. उद्या एखादा सभासद उपनिबंधकांकडे गेला तर त्याच्या हातातल्या कागदावर जो नंबर आहे तोच वेबसाइटवर दिसला पाहिजे.

कोकणकडा
काळाकोट, तुमच्या प्रतिसादाने माझं मत थोडं सरकलं. मी म्हटलं होतं मोजणं ब्राउझरचं काम, ते विषयपत्रिकेपुरतं खरं आहे. ठरावाच्या बाबतीत मोजायचंच नाहीये, नंबर आधीच ठरलेला आहे, तो डेटाबरोबर साठवायचा आणि प्रत्येक एलआयच्या व्हॅल्यूत टाकायचा. अगदी ओळीने ४३, ४४, ४५ असले तरी प्रत्येकाला.

मावळतीकर
यावर माझ्या ऑफिसातला प्रकार सांगतो. तक्रारींची यादी होती, आकडे ब्राउझरने मोजलेले, वर शोधाचा डबा. शब्द टाइप केला की न जुळणाऱ्या ओळी डिस्प्ले नन, म्हणजे पानावरून गायब, व्हायच्या. आता होतं काय की डिस्प्ले नन केलेली ओळ मोजणीत धरलीच जात नाही. त्यामुळे "पाणी" शोधलं की २७ नंबरची तक्रार ३ नंबर म्हणून दिसायची, आणि मीटिंगमध्ये एकजण फिल्टर लावून बसलेला, दुसरा न लावता, दोघंही "तीन नंबरची तक्रार" म्हणून वेगवेगळ्या गोष्टींवर भांडतायत. प्रत्येक ओळीला व्हॅल्यू दिल्यावर हे थांबलं. कोकणकडांच्या "अगदी ओळीने असले तरी" ला म्हणून जोरदार अनुमोदन.

व्हिजिबिलिटी हिडन केलं तर ओळ मोजली जाते पण तिची जागा रिकामी दिसत राहते, ते इथे कामाचं नाही.

रानवारा
मग २१ अ सारखा नंबर व्हॅल्यूत टाकता येतो का?

मावळतीकर
नाही, तिथे पूर्णांकच चालतो. मी असं करतो. त्या एका एलआयला व्हॅल्यू २१ च देतो, म्हणजे पुढची ओळ आपोआप २२ राहते, आणि त्याच ओळीच्या लिस्ट-स्टाइल-टाइपमध्ये अवतरणचिन्हांत "२१ अ. " असा मजकूर देतो. आताचे सगळे मोठे ब्राउझर तिथे थेट स्ट्रिंग घेतात.

चिंचगुळ
बाप रे, एका दिवसात एवढं. मी सकाळी विचारलं तेव्हा वाटलं होतं की हो किंवा नाही असं उत्तर येईल. काळाकोटांचं उदाहरण काकांना वाचून दाखवलं, ते एकदम खूश.

दोन गोष्टी राहिल्या. एक, मराठी आकडे. दुसरं, मी व्हॅल्यूत "४३" असं मराठीत टाकून बघितलं तर नंबर शून्य आला. असं का?

पाटीपेन्सिल
दुसऱ्याचं आधी. जावास्क्रिप्टला देवनागरी आकडा म्हणजे अक्षर, संख्या नव्हे. पार्सइंटला (मजकुराची संख्या करणाऱ्या आज्ञेला) "४३" दिलं तर नॅन, म्हणजे "संख्या नाही", मिळतं, आणि डॉट व्हॅल्यूला नॅन दिलं की त्याचा शून्य होतो. रेग्युलर एक्स्प्रेशनमधला अंकाचा बॅकस्लॅश-डीसुद्धा मराठी आकडे ओळखत नाही. म्हणून साठवताना कायम इंग्रजी आकडे ठेवा आणि मराठी फक्त दाखवताना.

लोक फॉर्ममध्ये मराठी आकडे टाइप करणारच, तर ते बदलून घ्यायचं सोपं आहे. युनिकोडमध्ये ० ते ९ हे देवनागरी अंक २४०६ पासून २४१५ पर्यंत ओळीने बसलेत, अक्षराच्या कोडमधून २४०६ वजा केले की संख्या हातात.

अजून एक जागा सांभाळा. एखाद्या ओळीची व्हॅल्यू काढून टाकायची असेल तर डॉट व्हॅल्यूला रिकामी स्ट्रिंग देऊ नका, त्याचाही शून्यच होतो आणि खालच्या ओळी १ पासून सुरू होतात. रिमूव्ह-ॲट्रिब्यूट वापरा.

कोकणकडा
आणि दाखवण्यासाठी सीएसएसमध्ये लिस्ट-स्टाइल-टाइप देवनागरी. एवढंच. ओएलच्या टाइप ॲट्रिब्यूटमध्ये शोधू नका, तिथे आकडे, लहान-मोठी इंग्रजी अक्षरं आणि लहान-मोठे रोमन अंक असे पाचच प्रकार आहेत. मजकुराच्या मध्ये कुठे संख्या हवी असेल, म्हणजे वर्गणीची रक्कम वगैरे, तर टू-लोकेल-स्ट्रिंगला एमआर-आयएन (भारतातली मराठी) सांगा, १,२३,४५६ असे मराठी आकडे आणि स्वल्पविरामही आपल्या पद्धतीने लाखाच्या जागी.

सूरपारंबी
उपमुद्द्यांना अ, ब, क, ड येतं का? आमच्या शाळेच्या प्रश्नपत्रिकांचं पान आहे, मुलांना तेच ओळखीचं आहे, इंग्रजी ए बी सी बघून पालक फोन करतात.

कोकणकडा
येतं. ॲट काउंटर-स्टाइल नावाचा नियम लिहायचा, त्यात आपली अक्षरं ओळीने द्यायची आणि त्याला एक नाव द्यायचं, मग तेच नाव लिस्ट-स्टाइल-टाइपला. फायरफॉक्समध्ये २०१४ पासून आहे, क्रोममध्ये २०२१ ला आलं आणि सफारीत २०२३ ला, त्यामुळे आत्ता कुठे बिनधास्त वापरण्यासारखं झालंय. सिस्टिम अल्फाबेटिक ठेवलीत तर अक्षरं संपल्यावर अअ, अब असं पुढे चालतं. फिक्स्ड ठेवलीत तर अक्षरं संपली की साधे आकडे येतात.

घड्याळकाका
ड नंतर काय ते ठरवा आधी. आमच्या शाळेत सहावी तुकडी फ होती.

सूरपारंबी
आमच्याकडे ड नंतर इ, मग फ. पण इ ऱ्हस्व की दीर्घ यावर शिक्षकखोलीत दोन गट आहेत.

अनुमोदक
मग फिक्स्ड आणि चारच अक्षरं. पाचवा उपमुद्दा आला की नवा प्रश्न काढायचा.

सूरपारंबी
खरं सांगू का, हे पेपर काढणाऱ्यांना आवडेल. चारच ठेवते.

नवखी_दुपार
मी डिझाइन करते. गोलात रंगीत नंबर हवा असतो म्हणून मी कायम सीएसएस काउंटर (सीएसएसने ठेवलेली मोजणी) आणि बिफोर (ओळीच्या आधी मजकूर घालणारा नियम) वापरते. या सगळ्यात त्याचं काय? फक्त नंबराचा रंग आणि फॉंट बदलायचा असेल तर हल्ली मार्कर नावाचा स्यूडो-एलिमेंट (ओळीचा नुसता आकडा निवडणारा) आहे, पण गोल काढायला तो पुरत नाही, त्याला पार्श्वभूमी, पॅडिंग काही देता येत नाही.

मावळतीकर
वापरा की. फक्त स्वतःचा नवा काउंटर बनवू नका, लिस्ट-आयटम नावाचा काउंटर ब्राउझर स्वतःच चालवतो, बिफोरमध्ये तोच छापा, शैली देवनागरी. मग स्टार्ट, व्हॅल्यू, रिव्हर्स्ड सगळं तुमच्या गोलातही बरोबर उतरतं. स्वतःचा काउंटर केलात की त्याला एलआयची व्हॅल्यू कळत नाही, आणि स्क्रिप्टने बदललेला नंबर गोलात दिसतच नाही. निरांजन यांनी सांगितलेला रोल मात्र लक्षात ठेवा.

नवखी_दुपार
हे फार कामाचं मिळालं. वाखुसा (वाचनखूण साठवली).

चिंचगुळ
तर मी आता असं करतेय. ठरावांना प्रत्येकी व्हॅल्यू, डेटाबरोबर साठवलेली. रद्द ठराव जागेवर, त्याला क्लास लावून रेघ आणि पुढे पाहा अमुक. क्रम उलटा करायला ॲपेंडचा लूप. विषयपत्रिकेला मात्र काहीच नाही, ब्राउझर मोजेल.

विषयपत्रिकेत एक अडचण आहे. पहिला विषय कायम "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे" आणि शेवटचा कायम "मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय". समितीतलं कुणी नवा विषय जोडलं की तो ऐनवेळच्याही खाली जातो.

पाटीपेन्सिल
ॲपेंडऐवजी इन्सर्ट-बिफोर. ऐनवेळच्या ओळीला आयडी देऊन ठेवा आणि नवी ओळ नेहमी तिच्या आधी घाला. लास्ट-एलिमेंट-चाइल्डच्या भरवशावर राहू नका, उद्या कुणी त्याच्याखाली आभार प्रदर्शन घातलं तर परत तोच घोळ. नंबर ब्राउझर मोजतोय त्यामुळे ऐनवेळचे विषय ९ वरून आपोआप १० होतील, तुम्हाला एक अक्षरही परत लिहावं लागणार नाही. तुमच्या सुरुवातीच्या पद्धतीत इथेच सगळ्यात जास्त काम पडलं असतं.

काळाकोट
नोटीस सभासदांना पाठवेपर्यंतच हे बदलू द्या. पाठवल्यानंतर विषयपत्रिकेचा नंबरही पक्का झाला, कारण इतिवृत्तात "विषय क्र. ४" असंच लिहिलं जातं.

मावळतीकर
हे बरोबर आहे. मग नोटीस निघाली असं बटण ठेवा आणि त्या क्षणी लूप फिरवून प्रत्येक ओळीला व्हॅल्यू देऊन टाका, डेटातही साठवा. तोपर्यंत रांगेचा नंबर, त्यानंतर गाडीचा.

चिंचगुळ
हे लगेच घेतलं.

शेवटचं, खरंच शेवटचं. काका पान उघडून यादी सिलेक्ट करतात आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चिकटवतात. तिथे आकडे गळून जातात, नुसत्या ओळी राहतात. मजकुरात नंबर असते तर हे झालं नसतं, हा माझ्या मूळ मताचा एक मुद्दा होता.

निरांजन
हा मुद्दा खरा आहे. ब्राउझरने काढलेला आकडा मजकूर नसतो, म्हणून तो साध्या मजकुरात चिकटवताना बऱ्याचदा गळतो, पानावर शोधायला गेलात तर सापडतही नाही.

कोकणकडा
मग नंबर पानात घालण्यापेक्षा "ग्रुपसाठी कॉपी करा" असं बटण द्या. बटण दाबलं की स्क्रिप्टने यादीच्या थेट मुलांवरून फिरायचं, प्रत्येकाची व्हॅल्यू घ्यायची, मराठीत करायची, टिंब, मजकूर, नवी ओळ, आणि शेवटी नॅव्हिगेटर डॉट क्लिपबोर्ड डॉट राइट-टेक्स्ट. इथे स्क्रिप्टनेच नंबर लिहायचा, तुमचं म्हणणं या ठिकाणी पूर्ण लागू.

ठरावांना व्हॅल्यू दिलीय म्हणून हे सरळ होतं. विषयपत्रिकेच्या ओळींना नोटिशीआधी व्हॅल्यू नसते, तिथे डॉट व्हॅल्यू विचारलीत तर शून्य मिळेल, पडद्यावर दिसणारा आकडा नव्हे. ब्राउझरने काय मोजलं ते स्क्रिप्टला विचारायची सोय नाहीये, तिथे लूपचा इंडेक्स अधिक एक वापरा. आणि साइट एचटीटीपीएसवर (सुरक्षित जोडणीवर) आहे ना? नसेल तर क्लिपबोर्ड हाताशीच येत नाही.

चिंचगुळ
एचटीटीपीएस आहे. बटण आज रात्री लावते, काकांना उद्या सकाळी ग्रुपवर टाकायला सांगते.